प्रकरण तिसरे आणि आबा

१२ जानेवारी
प्रकरण तिसरे मंजूर! इतके दिवस गाइड सर म्हणायचे, "आरोग्याची व्याख्या पुस्तकातून घ्या, घरातून नको." आज म्हणतात, धनगरांचा आरोग्यविचार हाच प्रबंधाचा आराखडा ठेवा. विचार तसा साधाच. माणूस एकटा बरा नसतो. मेंढरं, रान, भावकी बरी तर तो बरा. कळपापासून बाजूला उभं राहतं ते मेंढरू आजारी, माणसाचंही तेच. सगळं आबांच्या तोंडून ऐकलेलं; वडिलांनी जन्मभर मेंढरंच राखली. सात रस्ता चौकातून पेढे आणले. आबांनी अर्धा खाल्ला.

१५ जाने.
आबांचे रिपोर्ट आले. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, फक्त उन्हातान्हात हिंडायचं नाही. मग जेवत का नाहीत? गावाहून, मंद्रूपहून, इथं शहरात आणल्याला आठ महिने झाले. शुक्रवार पेठेतल्या या खोलीत दिवसभर गॅलरीत. शेजारचे काका गप्पांना बोलावतात, तरी उठत नाहीत. मी चिडले. मग वाईट वाटलं.

१९ जाने.
सरांच्या मते एक मुलाखत कमी पडतेय. कळप सुटलेला एखादा म्हातारा गाठा म्हणाले. गावोगाव फोन करत बसले. चौथ्या फोननंतर गॅलरीकडे लक्ष गेलं. दिव्याखाली अंधार.

मेंढरं विका म्हणून हट्ट मीच धरला होता. आबा रानात छातीत कळ येऊन पडले होते. आई नाही, मागं कुणी नाही. घाबरले होते मी. दुसरं काय...

२१ जाने.
मुलाखतीआधी आबांना प्रकरण वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होते. मधेच म्हणाले, "बराबर लिवलंस की." मी खूश. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.
"हे समदं तुला ठावं हुतं?"
"व्हय," मी म्हणाले.
"मग मेंढरं का इकायला लावलीस?"
रेकॉर्डर चालूच होता. बंद केला. न्हाणीघरात जाऊन रडले. खड्ड्यात गेली पीएच.डी.

२२ जाने.
सरांना आबांचा प्रश्न सांगितला; म्हटलं, ही मुलाखत वापरणार नाही. "अहो, हाच तर तुमच्या आराखड्याचा पुरावा!" बरोबरच आहे त्यांचं. फोन ठेवून दिला.

२४ जाने.
सकाळी उठले तर आबा पिशवी भरून, चपला घालून दारात बसलेले. गावी चुलतभावाच्या मेंढरांमागं जायचं म्हणतात.
"आबा, डॉक्टर नको म्हणालेत."
"तितं मेलो तर मरू दे की. हितं काय जगतोय व्हय?"
तरी डॉक्टरांना फोन केला. स्पष्ट नाही म्हणाले. पाठवलं आणि पुन्हा रानात पडले, तर मी मारलं. नाही पाठवलं, तर माझ्या डोळ्यांदेखत...
साडेनवाची एसटी गेली. आबा जागचे हलले नाहीत. पुढची साडेअकराला.