पोटॅशियमनंतरची हाक

३ फेब्रुवारी

आलो एकदाचा कोपरखैरण्यात! फ्लॅट ऐसपैस, खाडीचं वारं येतं, गाडीला हक्काची जागा. 'डॉ. अभिराम, हार्ट सर्जन' ही दारावरची पाटी वाचताच सोसायटीचे सेक्रेटरी अरविंद स्वतःचा ईसीजी घेऊन हजर. फुकटे कुठले! पण मी खूश आहे. या गावाला आज पहिला खरा सर्जन मिळाला.

६ फेब्रुवारी

हॉस्पिटल चकचकीत, माणसं अडाणी. प्रमुख सर्जन डॉ. सरोजिनी तरी अपवाद असतील असं वाटलं होतं. ऑपरेशन संपत आलं की कधी कधी हृदय ठोके न देता नुसतं फडफडत राहतं. बहुतेक ठिकाणी शॉक देतात. या बाई हार्ट-लंग मशीनमधून पोटॅशियम सोडतात. फडफड थांबते, हृदय गपगार पडतं, आणि पोटॅशियम ओसरलं की आपणहून सुरू होतं. इथपर्यंत शहाणपणाचं. पण ते गपगार असताना बाई वाकून पेशंटला घरच्या नावाने हाक मारतात! "बबड्या, ऊठ." परदेशात शिकलेली बाई! मला हसू आवरेना. सिस्टर जयमाला ते नाव थिएटरच्या दारात नातेवाइकांना विचारून घेते. नाव चुकवायचं नाही, थांबलेलं हृदय जी हाक ऐकेल त्या नावाचं होतं, असं बाईंनी मला गंभीरपणे सांगितलं. कीव आली.

११ फेब्रुवारी

बाई पुण्याला कॉन्फरन्सला. आजची बायपास माझी. पेशंट शेजारच्या बोनकोडे गावचा नामदेव पाटील. बिल्डिंगा भाड्याने दिलेल्या, गळ्यात सोन्याचा साखळदंड, अक्कल शून्य. बायको सुमित्राबाई दारातच म्हणाली, "आमी घरान नामू म्हनताव." हृदय फडफडलं, पोटॅशियम दिलं, थांबलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. या येडपटांची जिरवावी म्हणून मी वाकून माझंच घरचं नाव घेतलं, अगदी आईच्या सुरात. "पिंट्या, ऊठ रे!" कुणी हसलं नाही. हृदय मात्र ताबडतोब सुरू झालं.

१३ फेब्रुवारी

नामदेव शुद्धीवर आला. सुमित्राबाई नामू, नामू करून थकली, तो तिच्याकडे बघत नाही. मला त्याने विचारलं, आईचा फोन आला का? मग कुळथाची पिठी मागितली, आमच्या चिपळूणच्या हेलात. भूल उतरताना माणसं बरळतात. बायको मूर्खासारखी रडते आहे.

माझ्या छातीत मधूनच फडफड होते. इथली कॉफी भिकार आहे.

१६ फेब्रुवारी

आईला फोन केला. कोण बोलतंय, म्हणाली. पिंट्या म्हटल्यावर चिडलीच. पिंट्याशी आत्ताच बोलले, त्याचं ऑपरेशन छान झालं, तुम्ही कोण?

म्हातारीला भ्रम झालाय. नक्कीच. पण नामदेवला तिचा नंबर कुणी—

१८ फेब्रुवारी

ओपीडीत कोसळलो. अँजिओग्राफी झाली. उद्या बायपास, बाई करणार. आज त्यांना हसलो नाही. मी घाबरलोय. फडफड झाली तर शॉकच द्या म्हणून विनवलं. शॉकने नाहीच थांबली तर— पोटॅशियम. मग हाक. कोणत्या नावाने?

१९ फेब्रुवारी

थिएटरच्या दारात. मोबाइलवर लिहितोय. जयमालाने घरचं नाव विचारलं. पिंट्या म्हटलं. पलीकडच्या वॉर्डातून नामदेवने ओ दिली.

दुसरं काही? अभिराम— ती दारावरची पाटी. त्या नावाने मला कुणी कधी झोपेतून उठवलं नाही.

सुमित्राबाई वॉर्डाच्या दाराशी. अजून नवऱ्याला हाका मारतेय. नामू— आणि मी—

मी ओ दिली. आपोआप—

ती धावत आली. माझा हात धरला. डॉ. सरोजिनींनी पाहिलं. हळूच जयमालाला म्हणाल्या, हेच नाव घेऊ.

नको. मी नामू नाय. माझी आई चिपलूनला हाय, मी—