माइक बंद ठेवून

आबा, घरातला जुना कंप्यूटर मी उघडला, त्यात नवे भाग बसवले आणि आता त्यावर एक नवा गेम चालतो. एवढ्या एका गोष्टीसाठी तुम्हाला कोण लिहितंय, हे मलाही कळतं. तुम्ही होतात तेव्हा आपल्या घरात रेडिओसुद्धा शेजारच्यांचा, भिंतीतून येईल तेवढाच. पण हे मी कुणासाठी केलं आणि कसं केलं, ते सांगायला दुसरं माणूस नाही. ज्याला सांगायला हवं त्यालाच तर फसवत बसले आहे.

तुमचा नातू, जो तुम्ही गेलात तेव्हा रांगत होता, तो आता बंगळूरला कंप्यूटरच्याच कामात आहे. त्याचे वडील गेल्यापासून मी इथं एकटी. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. "आई, नाश्ता झाला का? गोळी घेतलीस का? इकडं सगळं मस्त." एवढं झालं की त्यालाही पुढचं सुचत नाही आणि मलाही. मग मी विचारते, पाऊस आहे का तिकडं, आणि तो सांगतो, नाही. दिवाळीला आला तेव्हा मात्र आपल्या लॅपटॉपवर एक गेम खेळत बसला होता. चौघांनी मिळून बर्फातून एक आगगाडी न्यायची. एकाने इंजिन हाकायचं, एकाने कोळसा टाकायचा, एकाने रुळावर नजर ठेवायची आणि चौथ्याने पाना-हातोडी घेऊन मोडेल ते दुरुस्त करत डब्याडब्यातून पळायचं. चौघं चार गावांत, कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलतात. मी ताट वाढून उभी होते आणि तो हसत होता. पोट धरून हसत होता. असा हसताना मी त्याला कधी पाहिलं होतं, ते आठवायला लागले तर आठवेना.

"आमचा दुरुस्तीवाला गेला आई, लग्न झालं त्याचं," तो म्हणाला. "आता कुणीपण येतं, कुणाच्यापण हातात पाना."

"मी येऊ का?" मी विचारलं.

"तुझ्या त्या डब्यावर? अगं, तो चालू होतानाच धापा टाकतो!" असं म्हणून त्याने जेवायला घेतलं. त्याचं काही चुकलं नाही. त्याच्या डिप्लोमाच्या वेळी दुकानात सगळ्यात स्वस्त होता तो कंप्यूटर आम्ही आणला होता, आणि तो शिकून गेल्यापासून त्यावर टॉवेलच पडलेला होता. पण माझ्या डोक्यात ते बसलं ते बसलंच.

तो परत गेला आणि मी मोबाइलवर बघून बघून शिकत गेले. वही केली नाही, तुम्ही शिकवलं होतं तसंच केलं. आठवतं का, मागाला लागणारी सुताची कांडी भरायचं मशीन पहिल्यांदा माझ्यापुढं उघडलंत तेव्हा जमिनीवर पंचा पसरलात आणि निघेल तो स्क्रू निघेल त्या क्रमाने मांडत गेलात. मी मध्येच एक उचलला तर हातावर चापट बसली. "खोलताना नीट बघ. मग बसवताना आठवाय लागत न्हाय." मी टॉवेल पसरला आणि कंप्यूटरचं एका बाजूचं दार काढलं, तर आत काय असावं? सुताचं तूस! आपली गल्ली मागांची, सगळ्यांच्या घरात उडतं ते याच्याही पोटात जाऊन बसलं होतं. पंख्याभोवती तर गोधडी झाली होती. मागाची फणी झाडायचा तुमचा जुना मऊ ब्रश अजून माझ्याकडे आहे, त्याने सगळं झाडून काढलं. अर्धा आजार तिथंच गेला.

दुकानदार मोठा गमत्या माणूस. नव्या भागांची यादी ऐकून म्हणाला, "मावशी, इस डब्बे में नवा गेम? बैलगाडी कू जेट का इंजन लगारे क्या?"

"लावा की," मी म्हटलं. "बैल माझाच हाय."

हसत हसत त्याने मेमरीची पट्टी दिली, ती नेमकी पुढच्या जातीची निघाली. घरी येऊन बसवायला गेले तर खाच जुळेना. अंगठ्याने दाबणार, तेवढ्यात तुमचा आवाज आलाच, "बसत नसंल तर जोर लावू नगं. चुकीचं हाय ते." परत नेली, बदलून आणली. जुनी डिस्क काढून नवी वेगवान डिस्क बसवली. ग्राफिक कार्ड मात्र बारकं घ्यावं लागलं, कारण याचं खोकं अरुंद आणि वीज पुरवणारा भाग अशक्त. जास्त खाणारं कार्ड त्याला झेपलं नसतं. ते बसवून बटण दाबलं, तर पडदा काळा. मग ध्यानात आलं, की पडद्याची वायर मी जुन्याच जागी खोचलीय, ती आता नव्या कार्डात जायला हवी. ती काढून तिथं लावली आणि चित्र उमटलं. आबा, त्या वेळी मी एकटीनेच टाळ्या पिटल्या. गेम सगळ्यात कमी चित्रांवर चालतो, बर्फ जरा पिठासारखा दिसतो, पण गाडी पळते.

इथपर्यंत सगळं बरं होतं. नातवाच्या त्या टोळीत कुणीही यावं असं होतं, तिचं नाव मी दिवाळीत वाचून ठेवलेलं. रविवारी दिवेलागणीला मी त्यात शिरले, पण आपलं नाव घातलं नाही. नाव दिलं 'पाना'. माइक बंद ठेवला आणि एका बोटाने टाइप केलं, माइक खराब आहे. मनात होतं की एक डाव खेळून मग सांगू, बघू कसा उडतो ते. नुसती गंमत. पण पहिल्याच डावात तो ओरडला, "पाना भाऊ, मागच्या डब्यात वाफ गळतीय, पळा!" आणि तुमची गुडघेदुखीवाली लेक पळत सुटली. गाडी शेवटच्या स्टेशनात गेली तेव्हा तो म्हणाला, "वा भाऊ! हात आहे का यंत्र आहे? पुढच्या रविवारी या बरं का." मला एवढं बरं वाटलं, की सांगायचं राहूनच गेलं. पुढच्या रविवारीही राहिलं. सकाळी फोनवर पाऊस आहे का विचारायचं आणि संध्याकाळी त्याच्या मागच्या डब्यात पाना घेऊन उभं राहायचं, असं चालू झालं.

आणि मग एका रविवारी गाडी पुलावर थांबलेली असताना कोळसा टाकणाऱ्याने त्याला विचारलं, "लागलं का काही कुठं?"

"नाही रे," तो म्हणाला. "मुलाखती चालू आहेत."

"घरी सांगितलंस?"

"कुठलं! दिवाळीच्या आधीच काढलं मला, तेव्हाच सांगायला हवं होतं. आई एकटी असते. घोर लावून घेईल. पाना भाऊ, तुम्ही ऐकलं नाही हां काही." आणि हसला. ते दिवाळीतलं हसणं नव्हतं.

आबा, दिवाळीत तो खोलीचं दार लावून 'मीटिंग आहे' म्हणून बसायचा आणि मी बाहेर टीव्हीचा आवाज बारीक करायचे. आता मला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नाही. फोनवर तो "ऑफिस मस्त" म्हणतो आणि मी "असू दे, असू दे" म्हणते. खोटं तो बोलतो, आणि चोर मी आहे. दाराला कान लावून ऐकलेलं कुठल्या तोंडाने सांगायचं? सांगितलं तर तो ती टोळी सोडेल, आणि मनातलं बोलायची त्याची ती एक जागाही माझ्यापायी जाईल. नाही सांगितलं तर लेकरू एकटंच ओझं वाहतंय आणि मी शेजारी बसून वाफेची गळती बंद करतेय.

मग माझ्या हातून घोटाळा झाला. मागाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही म्हणून शेडमध्ये माग दुरुस्त करताना तुम्ही लोखंडावर पाना ठोकायचात. दोन ठोके म्हणजे अडलंय, या. तीन म्हणजे आलो. तुमचे कान गेले तेव्हा घरातही तेच सुरू झालं. मी तव्यावर उलथनं दोनदा वाजवायचे, तुम्ही काठी तीनदा आपटायचात. तुम्ही गेल्यावरही माझी सवय गेली नाही. नातूही तव्याच्या दोन ठोक्यांवरच वाढला. अभ्यासाला बसलेला असला की तीनदा भिंत वाजवायचा आणि जेवायला यायचा. तर एका रविवारी गाडीत एक चाक अडकलं, मला एकटीला निघेना, माइक तर बंद. कसलाही विचार न करता मी हातोडी डब्यावर दोनदा ठोकली. सगळे बोलतच होते. तो मात्र गप्प झाला.

पुढच्या फोनला त्याने गोळीचं विचारलं नाही. "आई, तो जुना कंप्यूटर चालू असतो का गं?"

"कुठला? टॉवेल टाकलाय की त्याच्यावर," मी म्हटलं. बघा, तोंडावर खोटं बोलले. तो म्हणाला, "बरं."

त्याच संध्याकाळी गाडी चांगली पळत होती, काही मोडलेलं नव्हतं. अन् इंजिनातून ठोके आले. दोन. त्याने पहिल्यांदाच ठोकले. मी तीन ठोकले. गाडी बोगद्यात शिरली.

तेव्हापासून मला अक्कलकोट रोडवरच्या कारखान्याचं ते फाटक डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून कामावरनं कमी केलं आणि मी टॉवेलच्या कारखान्यात कांड्या भरायला लागले. जेवणाच्या सुट्टीत बघते तर तुम्ही फाटकाबाहेर सायकल धरून उभे. दुसऱ्या दिवशीही तसंच. बाया म्हणायला लागल्या, "आली बघ तुझी राखण!" मी चिडून बाहेर आले आणि तुम्हाला ऐकू यावं म्हणून रस्त्यात ओरडले, "आबा, उद्यापासनं येऊ नगा! मी काय ल्हान हाय व्हय?" तुम्ही मान डोलावलीत, टोपी सारखी केलीत आणि गेलात. त्यानंतर फाटकाशी तुम्ही कधी आला नाहीत. घरी त्याचा विषयही काढला नाहीत. आता मी तशीच सायकल धरून उभी आहे, फक्त पोराने अजून येऊ नको म्हटलेलं नाही. उलट बोलावलंय.

येत्या रविवारी माइक चालू करायचं ठरवलंय. पहिलं वाक्यही ठरलंय. जेवलास का, एवढंच. पुढचं त्याचं तो सांगेल. नाही सांगितलं तर चाक काढायला दोघं मिळून जाऊ. हे मी त्याच कंप्यूटरवर टाइप करतेय. बंद करताना तोच विचारेल, लिहिलेलं ठेवू का पुसू? काय करेन, कुणास ठाऊक.

त्याआधी एक सांगून टाकते. मी ओरडले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पलीकडच्या चहाच्या टपरीमागं उभे राहायचात. सायकलचं मागचं चाक बाहेर दिसायचं. मला रोज दिसत होतं, आबा. म्हणूनच मी फाटकाजवळच्या नळावर जेवणाचा डबा धुवायला एवढा वेळ लावायचे.