अकरा सुरांची कोरी जागा

देवाच्या कृपेने माणसे अजून ओळखू येतात, स्तोत्रे न अडखळता म्हणता येतात. म्हणून मी, डॉर्कस पेनिमन, एनक पेनिमन यांची विधवा, वय एकसष्ट, राहणार हॅरोमार्श, मॅसॅच्युसेट्स, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. छातीत कळा येतात, म्हणून घाई आहे. अक्षर वाकडे झाले तरी मजकूर सरळ आहे.

१. आत्मा देवाच्या स्वाधीन. देह एनकच्या शेजारी पुरावा. पेटी पाइनची करावी, ओकच्या फळ्या वाया घालवू नयेत. आलेल्यांना सफरचंदाची सायडर द्यावी, पण एकदाच.

२. घर, गाय, चरखा व दोन रजया मुलगी कझाया हिला. निळ्या रजईवरचा डाग जोथमने लहानपणी पाडलेला आहे. तो निघत नाही. साबण घालवू नये.

३. आता व्हायली. गुडघ्यांत धरून गजाने वाजवायची ही चार वाद्ये एनकने इंग्लंडहून एकाच पेटीतून आणली. जेवणे झाली की आम्ही मेजाभोवती बसत असू. मरताना त्याने समान वाटणी केली: जोथम, सायलस, कझाया आणि मी, प्रत्येकाला एक व्हायल व सुरांचे एक पुस्तक. कोणावर अन्याय झाला नाही, आणि संगीत मात्र मेले. कारण प्रत्येक पुस्तकात एकाचीच ओळ असते. उरलेल्या तिघांशिवाय तिला अर्थ नसतो.

त्याच वर्षी दोघे भाऊ खाऱ्या गवताच्या कुरणावरून भांडले. जोथम म्हणाला, "आई, हा वाजवतानाही ताल सोडून पळायचा. आता कुंपण सोडून माझ्या गवतात घुसलाय." सायलस म्हणाला, "दादाला सांग, गवत त्याच्या नाकाखाली उगवत नाही." नऊ वर्षे झाली. एकमेकांशी ते शेवटचे बोलणे, तेही माझ्यामार्फत.

गेल्या महिन्यात सायलसला विचारले, "पुस्तक आहे ना रे?"

"आहे की. पेटीत आहे," तो खाली बघत म्हणाला.

मागून त्याची बायको प्रूडन्स म्हणाली, "ते आडव्या रेघांचं होय, सासूबाई? भट्टीत पावाखाली घालायला ओकची पानं नव्हती, तेव्हा तेच घातलं. पाव छान फुगला हो!"

तेव्हापासून मला झोप नाही. एनकची आवडती रचना तरी टिकावी म्हणून सायलसची ओळ आठवून लिहायला बसले. एक सूर लिहावा, माझ्या खर्जाच्या व्हायलीवर पडताळावा, पुन्हा खोडावा. सगळी जमली, फक्त शेवटाआधीचे अकरा सूर राहिले. तिथे माझाच खर्ज मोठा, त्यामुळे त्याचा सूर माझ्या कानावर कधी पडलाच नाही. ती जागा कोरी ठेवली आहे. वही पिठाच्या पेटीमागे आहे. तिला प्रूडन्सने हात लावू नये.

४. माझी खर्जाची व्हायल व पुस्तक प्रूडन्सला. होय, तिलाच. कझायाने तिला शिकवावे. खर्जाचे सूर लांब असतात. घाई करणाऱ्याला ते बसायला लावतात.

५. एनकने ते कुरण माझ्या नावे ठेवले होते, हे दोघेही विसरले. ते जोथम व सायलस यांना मिळून, मधे कुंपण न घालता. अट अशी: मी गेल्यावर एका वर्षाच्या आत जोथम, सायलस, कझाया व प्रूडन्स या चौघांनी माझ्या मेजाभोवती बसून ती रचना शेवटपर्यंत वाजवावी आणि खालील साक्षीदारांनी ती ऐकावी. न जमल्यास कुरण गावाच्या गुरांना सोडावे.

अट घालून मी त्यांना जवळ आणते आहे की उरलेसुरलेही तोडते आहे, देव जाणे. ते अकरा सूर सापडलेच नाहीत तर?

सायलस, बाळा, नाही आठवले तर जोथमला विचार. तू त्याच्या डाव्या हाताला बसायचास. तुझा सूर सगळ्यांत जास्त त्याच्याच कानात जायचा.

हॅरोमार्श, १४ ऑक्टोबर १६८७
डॉर्कस पेनिमन

साक्षीदार:
हेप्झिबा रोल्फ, शेजारीण (सही येत नाही, फुलीची खूण)
एलायशा व्हिटकॉम, चर्चचे डीकन (घरात वाद्ये मला पसंत नाहीत. बोलावल्यास ऐकायला येईन.)