सरकारी अनुदानावरचं प्रेम

एकतीस मार्चला सरकारी अनुदान संपलं आणि एक एप्रिलला ओदील माझ्याशी पहिल्यांदाच इंग्रजीत बोलली. त्या दिवशी माझं सगळं फिरलं. मी, गॅरेट मॅकईचर्न, वय एकवीस, राहणार न्यू ब्रन्स्विक (इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही चालणारा प्रांत), आज उत्तरेला वणवे विझवायला निघालो आहे. डोकं ठिकाणावर आहे (आईला शंका आहे), प्यायलेलो नाही, कुणाचा दबाव नाही. सबब हे मृत्युपत्र.

१. माझी मोटार आईला. तिने ती मामाला चालवायला देऊ नये.

२. माझी शाळेची पुस्तकं धाकट्या फियोनाला. घरी इंग्रजी, पण पहिलीपासून मला गणितसुद्धा फ्रेंचमधून शिकवलं. त्या वर्गात जागा मिळावी म्हणून आई बर्फात खुर्ची टाकून रांगेत बसली होती. एवढं करूनही माझं फ्रेंच ऐकलं की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो.

३. ओदील आर्सेनो मात्र सहा महिने कधी इंग्रजीवर आली नाही. कॉलेजात मुलांशी फ्रेंचमध्ये गप्पा मारायच्या, ही तिची नोकरी, पगार त्या सरकारी अनुदानातून. मला वाटलं, प्रेम. मग कळलं, इंग्रजी बोलायची तिला मनाईच होती. मी कॉलेज सोडलं. नदीकाठी माझ्याबरोबर फिरली, तेही कामाच्या हजेरीत लावलं होतं का, हे तिने शपथेवर सांगावं. सांगितल्यास मी स्वतः बांधलेली होडी तिची. न सांगितल्यास फियोनाची.

४. साक्षीदार दोन लागतात. ज्याला काही मिळणार त्याने सही केली तर त्याचा वाटा बुडतो, म्हणून आई बाद. शेजारचे टिंगलीकाका आले. दुसरी आली ओदील. आईनेच बोलावलं असणार.

तिने वरचं वाचलं. “हजेरीत? अरे गाढवा, नदीवर माझे बूट फाटले, त्याचे पैसेसुद्धा कुणी दिले नाहीत!”

“मग एक तारखेला इंग्रजी कशाला?”

“सहा महिने तुझ्या चुका सुधारल्या. म्हटलं, एकदा तरी तू न अडखळता बोलशील. तर तू भांडलास!”

“हेही सरकारनेच शिकवलं का?”

“काका, पेन द्या इकडे.”

“पोरी, होडी जाईल,” टिंगलीकाका म्हणाले.

“जाऊ दे.”

५. होडी फियोनाला. माझा संशय अजून पुरता गेलेला नाही. सह्या झाल्या की मी बाहेर पडून दार ओढून घेणार. ओदील बसपर्यंत येते म्हणाली, फ्रेंचमध्ये. आज तिला पगार नाही.

सही: गॅरेट मॅकईचर्न
साक्षीदार: व्हर्नन टिंगली
साक्षीदार: ओदील आर्सेनो
न्यू ब्रन्स्विक, १२ मे