मैना की नवी

झूटरमेर, नेदरलँड्स,
गुरुवार, १२ मार्च २०२६

प्रिय शिरीष,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा जिने चढू देतो का आता? वहिनींची लसणीची चटणी पोचली. डबा वाटेत चेपला होता, वास मात्र शाबूत. इकडे थंडी हटत नाही. जयंती बरी आहे.

‘कुठली गाडी ठेवतोस ते एका ओळीत कळव,’ असं तू फोनवर म्हणालास. एका ओळीत मावत असतं, तर मी पत्र कशाला लिहायला बसलो असतो?

दारात एकाच कॅम्परपुरती, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेल्या एकाच गाडीपुरती, जागा आहे. दुसरी रस्त्यावर तीन दिवसांच्या वर उभी करायची नाही, असा इथल्या नगरपालिकेचा, म्हणजे खेमेंटेचा, नियम. चौथ्या दिवशी शेजारीण दारावर हजर. हसून बोलते, त्याचाच जास्त राग येतो.

मैना म्हणजे आपली जुनी. आमचा सारंग शाळेत असताना घेतलेली, छपरातून गळणारी, डिझेलवर चालणारी. दाणी मास्तर शिकवायचे तसं आधी वृत्त बघू, मग अर्थ. उभी राहून धडधडते तेव्हा मैना चक्क भुजंगप्रयातात बोलते. हसू नकोस. लगागा लगागा लगागा लगागा! मास्तर असते तर त्यांनी बाकावर ठेका धरला असता. सारंगच्या आग्रहाने घेतलेल्या नवीच्या काचा लावल्या की आत काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मुक्तछंदसुद्धा नाही, नुसता कोरा कागद.

नवीत फोडणी टाकली की गजर होतो. परवा मोहरी तडतडली आणि सगळी गाडी किंचाळायला लागली. चाक रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर गेलं की स्टिअरिंग हाताला झटके देतं. आणि हीटिंग सारंग अ‍ॅमस्टेलव्हीनला घरी बसून फोनवरून लावतो! मी बंद केलं की पुन्हा लावतो.

त्याला म्हटलं, “अरे, ही गाडी माझी आहे की तुझी?”

“बाबा, बी प्रॅक्टिकल. मैनाला एअरबॅग्ज नाहीत. जुनं डिझेल म्हणून शहरात तिला अलाउड नाही. आणि ही ऑटोमॅटिक आहे.”

ऑटोमॅटिक. हा शब्द तो सारखा घोळवतो आणि मी सारखा विषय बदलतो.

रविवारी मैना विकत घ्यायची म्हणून बघायला एक तरुण डच जोडपं आलं. मुलगा म्हणाला, जरा मागे घेऊन दाखवता? बसलो. गाडी बंद पडली. पुन्हा बंद पडली. दारातून जयंती ओरडली, “अहो, क्लच! आधी क्लच दाबा, मग लावा काय लावायचं ते!” मुलाने अदबीने विचारलं, किती वर्षं चालवताय? मी म्हटलं, “आम्ही तीस वर्षं चालवतोय.” जयंती खो खो हसत आत गेली. मग बराच वेळ बाहेर आली नाही.

तुला ठाऊकच आहे, मैना मी कधी चालवली नाही. माझं लायसन्स पाकिटात, जयंतीचं हातात. ती डावीकडे स्टिअरिंगवर आणि मी उजवीकडे नकाशा उलटा धरून कविता म्हणतोय, अशी आम्ही नॉर्वे पाहिली. तिने कधी ‘वा’ म्हटलं नाही. “पुढचं वळण सांगा,” एवढंच.

जानेवारीत तिची पंच्याहत्तरी झाली. या वयात लायसन्ससाठी इथे तपासणी असते. डोळ्याच्या मधोमध डाग आहे, सरळ रेघ तिला वाकडी दिसते. डॉक्टर नाही म्हणाले. घरी येऊन तिने किल्ली खुंटीला लावली आणि भात टाकला. मी चिडलो. डॉक्टरवर, सारंगवर, त्या नव्या गाडीवर. जयंती मात्र अजून चिडलेली नाही, आणि तेच मला सहन होत नाही, शिरीष.

मंगळवारी तीच म्हणाली, “बसा नवीत. सुपरमार्केटपर्यंत जाऊन येऊ. आणि तोंड बंद. समोर बघायचं.”

गेलो. घामाघूम झालो. चौकात मागून कुणीतरी हॉर्न दिला आणि माझा पाय थिजला. गाडीत अगदी शांत होतं. तेवढ्यात बाजूच्या सीटवरून आवाज आला. डॅशबोर्डवर बोट आपटत जयंती म्हणत होती, “लगागा, लगागा... निघा आता हळूच. लगागा...”

निघालो. दूध मात्र आणायचं विसरलो.

तर मैना शनिवारी त्या डच जोडप्याकडे जाते. किल्ली जयंतीच देणार. आधी मी म्हणत होतो, त्या वेळी मी मागच्या अंगणात थांबेन. पण ती म्हणते, “मला त्यांचे चेहरे नीट दिसणार नाहीत, तुम्ही शेजारी उभे राहा.” राहीन.

डावीकडच्या सीटवरून,
तुझा
दिलीप