फोनवरचा होकार

दिघोरी, २० जून १९८३

आज पुन्हा भंडाऱ्याला, खासदारांच्या ऑफिसात गेले. हे सौदीत बांधकामावरून पडून वारले त्याला महिना झाला, देह अजून तिथंच. साहेबांच्या सहायकानं दिल्लीला फोन लावला. ऐकता ऐकता त्यानं फोनवर हात ठेवला.

"वहिनी, तिकडचा मालक कागद देऊन नाही राहिला. तिथंच पुरू का म्हणतेत. काय सांगू?"

पुरायचं? आपल्यात तर अग्नी देतात. पण त्यांना बर्फात तरी किती दिवस ठेवायचं?

"हो म्हणा," मी म्हटलं. पुरायला हो म्हटलं मी.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"कवा आणतेत माह्या लेकराले?"

"आणून राहिले, आई."

त्यांनी सारं अंगण सारवून ठेवलं होतं.