पान एकशे बारावरचा बाप

दि. ३ जुलै

ती. ताईस,
बाळचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. गुडघा तेवढा तुझी आठवण काढतो, म्हणजे टोचून बोलतो. नव्या कादंबरीची तीस पानं झाली आणि तिथेच अडली, कारण घरातच एक प्रकरण उभं राहिलं आहे.

आपल्या ठमीने लग्न ठरवलं आहे. मुलगा सिनेमात आवाज नोंदवायचं काम करतो. दुसऱ्या धर्माचा आहे. तिने नोंदणीची तारीखसुद्धा घेतली, २८ जुलै. साक्षीदार म्हणून माझी सही हवी म्हणते. सही नसली तरी लग्न होईल, पण मग ती या घरात पाऊल ठेवणार नाही, असं तिने मला चहा गाळता गाळता सांगितलं. आवाजसुद्धा चढवला नाही, म्हणून मी घाबरलो.

तू मला ओळखतेस. मी आयुष्यभर माणुसकीवरच लिहिलं. पण पुस्तक वेगळं आणि घर वेगळं. उद्या नातवंडं कोणत्या देवाला हात जोडतील? मी त्या मुलाला एक पत्र लिहिलं आहे, त्याने आपण होऊन मागे सरावं म्हणून. मसुदा सोबत पाठवतो. चाळीस वर्षांत तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय माझी एक ओळ बाहेर गेलेली नाही. फक्त भाषा बघ, मजकुराला हात लावू नकोस.

लोभ आहे तो कळवळ्याचा असू दे.

तुझा,
बाळ


दि. ७ जुलै

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद, पण या खेपेला हात जरा आखडून.

मसुदा वाचला. मजकुराला हात लावू नकोस म्हणालास, लावला नाही. भाषेतही काही सापडलं नाही. सापडणार कसं? ती मी अठ्ठावीस वर्षांपूर्वीच तपासून दिली आहे. तुझ्या दुसऱ्या कादंबरीचं पान एकशे बारा उघड. त्यातला लाकडाच्या वखारीचा मालक मुलीच्या प्रियकराला कळवतो की आमचा विरोध तुम्हाला नाही, काळच अजून तयार नाही. आता तुझ्या मसुद्याची तिसरी ओळ बघ. पुढे तो म्हणतो की तुमच्याच भल्यासाठी सांगतो. तुझी सहावी ओळ. शेवटी तो शुभेच्छा देतो. तूही दिल्या आहेस. स्वतःच्याच खलनायकाची इतकी स्वच्छ नक्कल मी प्रेसमधल्या एकतीस वर्षांत पाहिली नव्हती.

त्या बापाला वाचकांनी पोतंभर शिव्या पाठवल्या आणि तुला पारितोषिक मिळालं. तेव्हा सत्काराच्या भाषणात तू म्हणाला होतास की असे बाप आपल्या आजूबाजूलाच असतात. इतके आजूबाजूला, हे मला ठाऊक नव्हतं.

नातवंडांच्या देवाची काळजी तू करू नयेस. परीक्षेचा निकाल सोडला तर तुला मी कुठल्याच देवापुढे उभं राहिलेलं पाहिलं नाही, आणि निकाल पाहता त्या देवानेही तुझ्याकडे पाहिलं नसावं.

आणखी एक. चार कादंबऱ्या आणि सिनेमा झालेली ती कथा मिळून तू धर्माबाहेर प्रेम करणारी पाच जोडपी मारलीस. दोन बुडाली, एक तापाने गेलं, एक दंगलीत. पाचवं धुक्यात शिरलं ते बाहेरच आलं नाही. प्रत्येक वेळी वाचक रडले आणि डोळे पुसून आपापल्या घरी गेले. मेलेल्यांवर माया करायला काही लागत नाही रे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला दरवर्षी एक चित्रपट दाखवायच्या. त्यातली परधर्मी मुलगी शेवटच्या पाच मिनिटांत सिस्टरांच्या देवाला मानायची आणि लगेच मरायची. ती होती तशीच जगली असती तर काय बिघडलं असतं, एवढंच मी विचारलं होतं. मला दुपारभर वर्गाबाहेर उभं केलं. तेच आज तुला विचारते, आणि मला बाहेर उभं करणारं आता कोणी नाही.

मसुदा परत पाठवत नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी केली आहे.

रागावलास तरी चालेल, अबोला धरू नकोस. तो तुला दोन दिवसांवर झेपत नाही.

तुझी,
ताई


दि. १२ जुलै

ती. आत्यास,
ठमीचा शि. सा. न.

तू बाबांना काय लिहिलंस ते ते सांगत नाहीत. पण तीन दिवस स्वतःचीच दुसरी कादंबरी मांडीवर घेऊन बसतात आणि मी खोलीत गेले की तिच्यावर वर्तमानपत्र पसरतात. कालपासून माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलतात. आई असती तर तिने दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली असती.

मी एक घोळ करून ठेवला आहे. आमच्या आवाजवाल्याला मी बाबांची सगळ्यांत गाजलेली कादंबरी वाचायला दिली, म्हणजे भेट झाली की दोन शब्द चांगले बोलेल. त्याने ती वाचली आणि वैतागला. त्यात त्याच्या धर्माचा तो म्हातारा आहे ना, एकुलतं घोंगडं दुसऱ्याला देणारा, सगळ्यांना क्षमा करणारा आणि हसत मरणारा. तर हा म्हणतो की आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात असा एकही म्हातारा नाही. त्याचे आजोबा शेजाऱ्याचं वर्तमानपत्र आधी स्वतः वाचायचे, कोडं सोडवायचे, आणि मग घडी घालून त्याच्या दारात ठेवायचे. क्षमा तर त्यांनी सख्ख्या भावालासुद्धा केली नाही. आमच्यातल्या माणसाला तुझे बाबा एकतर देव करतात नाहीतर मारतात, साधं घोरू देत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

हे तो बाबांच्या तोंडावर बोलला तर सहीचं विसरायलाच हवं ना? रविवारी भेटायला यायचा हट्ट धरून बसला आहे. त्याला थांबवू ना? आत्या, मी बाबांना सांगितलं की सही नाही तर येणार नाही. ते मी खरं करीन, म्हणूनच मला धड झोप नाही.

वेळ काढून दोन ओळी पाठव, रागावलेल्या असल्या तरी.

तुझी,
ठमी


दि. १५ जुलै

चि. ठमीस,
पुष्कळ आशीर्वाद. आखडलेला हात तुझ्या बापासाठी, तुझ्यासाठी नाही.

त्याला थांबवू नकोस. तुझ्या बापाने गेल्या तीस वर्षांत हारतुरे देणारे खूप पाहिले. पुस्तक शेवटपर्यंत वाचून भांडायला येणारा एकही पाहिलेला नाही.

तो म्हातारा मी तीनदा तपासला आणि तिन्ही वेळा रडले. त्याच्या घोंगड्यावरचे अनुस्वार मोजत बसले, पण हा माणूस कोणाशी भांडत कसा नाही, हे एकदाही मनात आलं नाही. आणि मी तरी कुठली शहाणी लागून गेले? मार्चमध्ये तू त्याला माझ्याकडे आणलंस तेव्हा मी कौतुकाने त्याला म्हणाले की तू आपली भाषा किती छान बोलतोस. तो म्हणाला की तुम्हीपण छान बोलता. तू तेव्हा स्वयंपाकघरात होतीस. मी चार महिने हे कोणाला सांगितलं नाही. हातात लाल पेन घेऊन दुसऱ्यांना सुधारत राहिलं की आपल्यावर कोणी खूण करत नाही, हा समज त्या दिवशी मोडला.

सही होईल की नाही, मला सांगता येत नाही. तुझा बाप चांगला आहे, पण चांगली माणसं फार हट्टी असतात. आपण चांगले आहोत याचा त्यांच्याकडे लेखी पुरावा असतो.

पोटात अन्न जाऊ दे आणि माझ्यावरची माया जेवढी आहे तेवढीच ठेव, कमी नको.

तुझी,
आत्या


दि. २१ जुलै

ती. ताईस,
बाळचा नमस्कार, थोडा वाकून.

तो रविवारी चार वाजता आला. खुर्चीत बसला, वर पाहिलं आणि म्हणाला की तुमचा पंखा करकरतो. ताई, तो पंखा वीस वर्षं माझ्या डोक्यावर आहे. मला कधी ऐकू आला नव्हता. आता दुसरं काही ऐकू येत नाही.

मग माझ्या म्हाताऱ्यावर घसरला. मी त्याला साहित्यातला आदर्शवाद समजावून सांगितला, तासभर. त्याने एकच विचारलं, की हा म्हातारा बायकोशी कशावरून भांडायचा. चिडून मी म्हणालो की मग तुझे आजोबा कशावरून भांडायचे ते सांग. त्याने दीड तास सांगितलं. मध्येच आजोबांच्या खोकल्याची नक्कल केली, तीन प्रकारचे खोकले, आणि तिन्हींचे अर्थ वेगळे. मला हसायचं नव्हतं.

तो गेल्यावर ठमी दारातच उभी राहिली आणि कसा वाटला म्हणाली. मी सांगायला सुरुवात केली. मोठ्यांचं बोलणं तोडतो. बसल्या जागी पाय हलवतो. बिस्किटं चहात बुडवतो आणि तुकडा पडला की चमच्याने शोधतो. पुस्तकांना आवाज नसतो म्हणून ती अपुरी, असं माझ्या घरात बसून मला सांगतो. एक शब्द कौतुकाचा बोलला नाही. मी बराच वेळ बोलत होतो. ठमी हसत होती, आणि डोळेही पुसत होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली की बाबा, अजून काही राहिलंय का.

मी आठवून पाहिलं. एक गोष्ट राहिली होती, नातवंडांच्या देवाची, आणि तिच्यावरच मी तो मसुदा लिहिला होता.

तो मुलगा मला मुळीच आवडलेला नाही, ताई. त्याच्याशी आयुष्यभर भांडावं लागणार असं दिसतं. २८ तारखेला सकाळी अकराला कचेरीत ये. सही मी करणारच आहे, पण साक्षीदार आणखी लागतात, आणि ठमीने तुझं नाव मला न विचारता लिहून टाकलं आहे.

माझ्यावरचा लोभ जमेल तसा वाढव.

तुझा,
बाळ